आधी पॅकिंगच्या टेबलाशी बस

प्रिय मुला,

तुझा मेल दोनदा वाचला. दिवसभर कॉम्प्युटर सेंटरवर शिकवून रात्री अंबाजोगाईच्या त्या खोलीत तू ऑनलाइन दुकानांसाठी प्लगइनचा, म्हणजे साइटला नवी सोय जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, आराखडा केलास, त्यात चौदा सोयी मांडल्यास आणि शेवटी विचारलंस, "ताई, यातलं आधी काय बनवू?" माझं उत्तर तुला आवडणार नाही. यातलं अजून काहीच बनवू नकोस.

कूपन, विशलिस्ट, पॉपअप, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, बिलावर लोगो. हे सगळं आज बाजारात आहे, बरंचसं फुकट आहे, आणि त्यामागे वीस-वीस जणांच्या टीम आहेत. तुझ्याकडे जे आहे ते त्या टीमकडे नाही, आणि तेच तुझ्या यादीत कुठे दिसलं नाही. तू राहतोस तिथून सीताफळाचं धारूर जवळ आहे.

गेल्या सीताफळाच्या हंगामात धारूरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी मी दोन दिवस होते. त्यांचा मुलगा वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसने बनवलेल्या साइटवर दुकान थाटून देणाऱ्या प्लगइनवर, दुकान चालवतो. ओसरीत खोके, कागदाची कात्रणं, वजनकाटा, आणि भिंतीला खोक्याचा एक पुठ्ठा टांगलेला. पुठ्ठ्यावर मार्करने पिनकोडचे पहिले तीन आकडे: ४३१, ४१३, ४११. म्हणजे संभाजीनगर-बीड-परभणीची बाजू, लातूर-धाराशिवची बाजू, आणि पुणे. प्रत्येकापुढे कुरिअरला लागणारे दिवस. खाली पेन्सिलीने लिहिलेलं, "तोडणी बुध, शनि". सीताफळाचे डोळे उघडले की ते तोडायचं, आणि तोडल्यावर दोन-चार दिवसांत ते मऊ पडतं. गुरुवारी दुपारी नागपूरची ऑर्डर आली. पोरानं पुठ्ठ्याकडे पाहिलं, बोटांवर दिवस मोजले, गिऱ्हाइकाला फोन लावला, माफी मागितली आणि पैसे परत केले. परताव्यात त्याच्या पेमेंट गेटवेचं शुल्क बुडालं. मला म्हणाला, "ताई, उशिरा पोचलं की गिऱ्हाईक कुरिअरला न्हाई बोलत, मलाच बोलतंय."

तो पुठ्ठा म्हणजे तुझा धंदा आहे.

आता नीट ऐक, कारण इथेच बहुतेक जण फसतात. पिनकोड तपासणारे प्लगइन ढिगाने आहेत. इतकंच काय, वूकॉमर्समध्ये शिपिंग झोन, म्हणजे माल पाठवायचा भाग ठरवायची सोय, असतो, त्यात ४३१ पुढे चांदणी (*) टाकली की तो अख्खा पट्टा एका दरात बसतो, आणि दोन पिनकोडांच्या मध्ये तीन टिंबं देऊन रेंजही टाकता येते. हे फुकट मिळतं, त्यावर पैसे मागू नकोस. पण झोनला तोडणीचा वार कळत नाही. पुढची तोडणी कधी, तिथून या पिनकोडला किती दिवस, आणि फळ तेवढं टिकतं का, या तीन गोष्टींची सांगड घालून पैसे भरायच्या आधीच गिऱ्हाइकाला "शनिवारी तोडू, सोमवारी मिळेल" किंवा "तुमच्या गावी ताजं पोचणार नाही" असं सांगणारं काही त्या पोराला सापडलं नव्हतं. त्याने शोधलं होतं. दोन प्लगइन विकत घेऊन काढूनही टाकले होते. पैसे मोजून झालेला आणि तरी पुठ्ठ्यावरच अडलेला असा माणूस दिसला, की तिथे थांब.

हेच गणित केसर आंब्याला लागतं, कुंथलगिरीच्या खव्याला लागतं, उद्या कोकणातल्या मासळीवाल्यालाही लागेल. पण पहिल्या वर्षी तू फक्त सीताफळ धर. सेटिंगच्या पानावर शब्दही त्यांचेच ठेव: "तोडणीचा वार", "किती दिवस टिकतं". दुकानदाराने सेटिंग उघडल्यावर त्याला तुला फोन करावा लागला नाही, तर निम्मं काम झालं.

कोडबद्दल एकच सांगते, पण ते माझ्या अंगावर आलेलं आहे. वूकॉमर्सने ऑर्डरी साठवायची जागा बदलली. पूर्वी त्या डेटाबेसमध्ये वर्डप्रेसच्या पोस्टच्या, म्हणजे लेखांच्या, टेबलात असायच्या, नव्या पद्धतीत त्यांना स्वतंत्र टेबलं मिळाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांत हीच पद्धत आपोआप चालू असते. माझा डिलिव्हरीच्या तारखेचा प्लगइन या पद्धतीशी जुळतो असं मी जाहीर करून टाकलं होतं. एक जुनी ओळ तपासायची राहिली. तारीख जुन्या जागी लिहिली जात होती, आणि पॅकिंग स्लिप छापणारा दुसऱ्याचा प्लगइन ती नव्या जागी शोधत होता. दिवाळीच्या आठवड्यात फराळ विकणाऱ्या एका बाईंच्या सगळ्या स्लिपांवर तारखेची जागा कोरी. रात्री अकराला त्यांचा फोन आला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता कोणता खोका आधी पाठवू ते सांगा." मी दुरुस्ती पाठवली ती नंतर. आधी त्यांच्यासोबत फोनवर बसून एकेक ऑर्डर वाचून काढली आणि खोक्यांवर तारखा घालून घेतल्या. ती रात्र मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, ऑर्डरला हात लावायचा तर वूकॉमर्सने दिलेल्या पद्धतींनीच लाव, टेबलात थेट काही लिहू नकोस. चेकआउटही, म्हणजे पैसे भरायचं पानही, दोन तऱ्हेचा असतो, जुना शॉर्टकोडचा (पानात कंसातला एक शब्द टाकून आणलेला) आणि नवा ब्लॉकचा (तयार तुकडे जुळवून केलेला). जुन्या हुकने, म्हणजे आपला कोड अडकवायला दिलेल्या खुंटीने, टाकलेला रकाना नव्यात दिसतच नाही. दोन्हींवर तपासल्याशिवाय विकू नकोस. आणि तपासणी चालू दुकानावर कधीच नाही, त्याची नक्कल करून तिच्यावर.

तू विचारलंस, कोणी कोड उचलून फुकट वाटला तर? वाटू शकतो. वर्डप्रेस जीपीएल या, कोड वापरायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक देणाऱ्या परवान्यावर चालतं, त्यावर बांधलेला प्लगइनही त्याच वाटेने जातो, आणि विकत घेणाऱ्याला तो पुढे देण्याची मुभा असते. यात रात्री घालवू नकोस. धारूरचा तो पोरगा पैसे देईल ते पुढच्या हंगामाआधी तू अपडेट पाठवशील आणि बुधवारी सकाळी तोडणी सुरू असताना फोन उचलशील म्हणून. ते कोणाला उचलून नेता येत नाही.

वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत, म्हणजे प्लगइनच्या यादीत, एक छोटी फुकट आवृत्ती जरूर ठेव. मात्र तिथे कुलूप लावलेल्या सोयी ठेवून "पैसे भरा, मग उघडेल" असं चालत नाही. फुकट आहे ते पूर्ण चाललं पाहिजे, विकायचं ते वेगळं, तुझ्या साइटवरून. नावाची सुरुवात "वूकॉमर्स"ने करू नकोस, तिथेच अडवतील. शेवटी "फॉर वूकॉमर्स" चालतं.

किमतीचं बोलू. तू वर्षाला ४९९ लिहिलेस. का, तर "आपल्याकडचे लोक देत नाहीत". एका गिऱ्हाइकाचा वर्षात तीनदा तरी फोन येणार आणि प्रत्येक वेळी तासभर जाणार, असं धर. ४९९ ला तीन तास. सेंटरवर तासाला याहून जास्त मिळतं तुला. वर्षाला ३,००० ठेव. हंगामात चार-पाच खोके वाचले तर त्याचे वसूल होतात, आणि हे तू त्याला कागदावर मांडून दाखवू शकतोस. शंभर गिऱ्हाइकं म्हणजे ३ लाख. शंभर जणांना तू एकटा सांभाळू शकतोस, पाचशेंना नाही. सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याची धास्ती नको. हिशेबाची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेव. नूतनीकरण आपोआप कापलं जाईल यावर विसंबू नकोस. कार्डाची मुदत संपते, बँकेकडून मेसेज आला की लोक घाबरून बंद करतात. हंगामाच्या महिनाभर आधी स्वतः फोन कर. त्या फोनमध्ये पैशांआधी विचार, गेल्या वर्षी काय अडलं.

आणि ज्याला जमलं नाही त्याचे पैसे परत कर, कारण न विचारता. आपला भाग लहान आहे. धारूरला झालेली गोष्ट केजच्या बाजारात संध्याकाळपर्यंत पोचते.

सेंटरची नोकरी इतक्यात सोडू नकोस. घरचे काळजी करतात असं तू लिहिलंस. त्यांची काळजी रास्त आहे, आणि दोन हंगाम नोकरी सांभाळून हे होतं.

आता सप्टेंबर उजाडला की सुट्टी काढ. त्या घरचा नंबर मी तुला वेगळा पाठवते, त्यांना सांगून ठेवलंय. लॅपटॉप नेऊ नकोस. वही ने, दोन दिवस ओसरीत बस, खोके भरू लाग, आणि तो पोरगा पुठ्ठ्याकडे किती वेळा बघतो, कशासाठी बघतो ते लिहून घे. परत आल्यावर ती पानं मला पाठव. आराखडा आपण त्यावरून करू.

तुझी,
ताई