नानायमोत रानाला लागून घर मिळतंय, पण कूगरची भीती वाटते, घेऊ का?

तू लिहिलंयस की इथली, कॅनडातल्या नानायमोची, नोकरी पक्की झाली, जूनमध्ये बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि कुत्रा असे सगळे येताय, वेस्टवूड लेकच्या बाजूला भाड्याचं घर बघितलंय, मागचं अंगण सरळ झाडीत उघडतं, आणि घरमालक सहज बोलून गेला की गेल्या वर्षी इथे कूगर, म्हणजे इकडचं मांजरकुळातलं मोठं रानटी जनावर, दिसला होता. तेव्हापासून घरात सगळ्यांची झोप उडालीय. घर घेऊ की नको आणि समोर आलाच तर काय करायचं एवढंच सांग ताई, असं म्हणालास. एवढंच म्हणून सांगता येणार नाही रे, जरा सविस्तर लिहिते, बायकोलाही वाचायला दे.

आधी माझं सांगते म्हणजे कळेल की मी कुठून बोलतेय. माझं माहेर ओतूर, जुन्नर तालुका. म्हणजे बिबट्या आमच्या घरच्या बोलण्यातला. उसाच्या फडात मादी पिल्लं घालायची, आई आम्हाला तिन्हीसांजेनंतर अंगणाबाहेर सोडायची नाही, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते तर सगळ्यांना माहितीच आहे. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मला वाटलं की कूगर म्हणजे आपला बिनठिपक्यांचा बिबट्याच. तसं नाहीये ते. आपला बिबट्या पिढ्यानपिढ्या माणसांच्या मधेच राहतो, उसात जन्मतो, गावातली कुत्री, शेळ्या, डुकरं खाऊन जगतो, माणसाचा वास आणि आवाज त्याच्या रोजच्यातला. कूगरचं मुख्य खाणं हरीण, आणि माणूस दिसला की तो बहुतेक वेळा आपल्याला कळायच्या आत निघून गेलेला असतो. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डोंगरात शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, २०१७ मध्ये छापून आला, कूगर शिकार खायला परत येतो तिथे स्पीकर लावले, कधी माणसांच्या बोलण्याचा आवाज लावला तर कधी बेडकांचा, तर माणसाचा आवाज ऐकून ८३ टक्के वेळा कूगर खाणं टाकून पळाला आणि बेडकांच्या आवाजाला फक्त एकदा. नुसतं बोलणं ऐकून पळाला हां, आरडाओरडा नव्हता त्यात. म्हणून मी जंगलात चालताना मुलीशी सतत गप्पा मारत असते, कानात इअरफोन कधीच घालत नाही.

आकड्यांचं म्हणशील तर व्हँकूव्हर आयलंड, म्हणजे नानायमो ज्यावर आहे ते बेट, हा उत्तर अमेरिकेत कूगरची दाटी सगळ्यात जास्त असलेल्या भागांपैकी एक आहे, हे खरंय, लपवण्यात अर्थ नाही. पण अख्ख्या उत्तर अमेरिकेत गेल्या शंभरेक वर्षांत कूगरच्या हल्ल्यात गेलेली माणसं तिसाच्या आसपास आहेत. एकट्या जुन्नर शिरूर पट्ट्यातल्या बातम्या आठव म्हणजे फरक लक्षात येईल. तेव्हा घर घे. कूगरच्या भीतीने घर सोडू नकोस, पण मुलाच्या काही सवयी पहिल्या आठवड्यापासून बदल, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण धोका मोठ्यांना कमी आणि लहान मुलांना जास्त आहे. मूल उंचीने कमी, आवाज बारीक, मधेच पळतं, मधेच खाली बसून दगड वेचतं, मांजराच्या जातीला हे सगळं शिकारीसारखं दिसतं. २०१९ च्या मार्चमध्ये इथून तासाभरावर, लेक काउइचनला, घराच्या मागच्या अंगणात सात वर्षांच्या मुलावर हल्ला झाला. त्याची आई घरातून धावत आली आणि हातांनी जबडा उचकटायला लागली, मूल वाचलं. ते दोन कूगर होते, दोन्ही अर्धवट वाढलेले आणि उपाशी.

हे अर्धवट वाढलेले लक्षात ठेव. पिल्लं आईबरोबर साधारण दीड दोन वर्षं राहतात, मग आई त्यांना सोडते आणि त्यातले नर स्वतःचा इलाखा शोधत लांब लांब भटकतात, चांगल्या जागा आधीच मोठ्या नरांनी धरलेल्या, शिकार नीट येत नाही, मग असलं पोर वस्तीत येतं. किती लांब जातात म्हणशील तर साउथ डाकोटाच्या ब्लॅक हिल्समधला एक नर २०११ मध्ये कनेटिकटला हायवेवर गाडीखाली मेला, डीएनएवरून कळलं कुठला ते, दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर. वस्तीजवळ दिसतो तो बऱ्याचदा असाच वाट चुकलेला तरणा नर असतो, माणूसखाऊ वगैरे नाही.

आता समोर आला तर. मला एकदाच दिसलाय नऊ वर्षांत. तिसरं वर्ष होतं, ऑक्टोबरचा शेवट, माउंट बेन्सनच्या बाजूच्या ट्रेलवर मी आणि मुलगी, ती पाच वर्षांची, पंधरा पावलं पुढे होती. परत यायला उशीर झाला होता, उजेड उतरायला लागलेला. वळणावर ती थांबली, मला वाटलं काही सापडलं असेल, बघते तर वीस पंचवीस मीटरवर वाटेच्या मधोमध उभा. पिवळट तपकिरी, आणि शेपूट, ती शेपूट बघितल्यावर शंकाच राहत नाही, जवळजवळ जमिनीला टेकेल एवढी लांब आणि दोरखंडासारखी जाड. मी ओरडून तिला "पळू नको, उभी राहा" म्हणाले, त्याच्यावरची नजर न काढता तिच्यापर्यंत चालत गेले, जॅकेटच्या टोपीला धरून वर ओढलं आणि कडेवर घेतलं, खाली वाकले नाही. हे मला कोणी इथे शिकवलेलं नव्हतं, ओतूरचं आहे ते, ऊस तोडताना वाकलेला माणूस आणि परसाकडे बसलेला माणूस बिबट्याला जनावर वाटतं, उभा माणूस वाटत नाही, हे आजोबा सांगायचे. कूगरलाही तेच लागू. मग एक हात वर करून, जॅकेट पसरून, पोटातून आवाज काढून ओरडले, मराठीतच, हट, जा, निघ इथून. तो दहा सेकंद बघत राहिला असेल, मला तेवढा वेळ फार मोठा वाटला, मग सलालच्या झुडपात असा शिरला की पानही हललं नाही. आम्ही आधी त्याच बाजूला तोंड करून मागे मागे चालत गेलो, मग वळणापलीकडे गेल्यावर दर थोड्या वेळाने मागे बघत, टाळ्या वाजवत, मोठ्याने परवचा म्हणत गाडीपर्यंत. पंचवीस मिनिटं लागली. दोन दिवस माझे हात थरथरत होते.

जे मी केलं तेच इथले वनखात्याचे लोक शिकवतात: पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, डोळ्याला डोळा लावून ठेवायचा, मोठं दिसायचं, जोरात ओरडायचं, मुलाला उचलायचं, आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. इथे काळी अस्वलंही आहेत आणि अस्वलाबद्दल सांगतात की टक लावून बघू नका, त्यामुळे नवीन लोकांचा गोंधळ होतो. अस्वलाकडे रोखून बघू नये, कूगरकडे बघतच राहावं. मेल्याचं सोंग तर कूगरपुढे अजिबात नको, आणि झाडावर चढायचा विचारही नको, तो आपल्यापेक्षा कितीतरी चांगला चढतो.

त्याच्या अंगावरून त्याचा मूड वाचता येतो. लांबून बघतोय आणि आपल्या वाटेने चाललाय तर काही नाही, फक्त मुलांना जवळ घे. कान ताठ करून टक लावून बघतोय, जागा बदलतोय, मधेच लपतोय, मागे मागे येतोय तर आता तू आवाज वाढव, दगड काठी हाताशी असेल तर घे, पण शोधायला खाली वाकत बसू नको. आणि कान मागे चपटे, अंग जमिनीला चिकटलेलं, शेपटीचं टोक हलतंय, मागचे पाय जागच्या जागी वरखाली करतोय तर तो झेप घ्यायच्या बेतात आहे, तेव्हा बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा, मार, दगड मार, काठी, बॅग, पाण्याची बाटली, जे हातात असेल ते. अंगावर आलाच तर मान सांभाळायची, उभं राहायचा प्रयत्न करायचा आणि डोळ्यावर नाकावर मारत राहायचं. लढणारी माणसं वाचलेली आहेत, २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात फॉल सिटीजवळ सायकलवरच्या बायकांच्या ग्रुपमधल्या एकीला कूगरने धरलं तर बाकीच्यांनी त्याला झोडपून तिला सोडवलं आणि मदत येईपर्यंत सायकलीखाली दाबून धरलं.

त्याच राज्यातली अजून एक घटना मात्र मला रात्री आठवते, नॉर्थ बेंडजवळची, मे २०१८. दोन सायकलस्वार, कूगर दिसल्यावर दोघांनी सगळं बरोबर केलं, ओरडले, सायकल आपटली, तो गेला. मग ते थांबून दम घेत होते तर तो परत आला, एकाला धरलं, दुसरा घाबरून पळाला तर त्याने पहिल्याला सोडलं आणि पळणाऱ्यामागे गेला. पळणारा मारला गेला, ज्याला आधी धरलं होतं तो जखमी होऊन वाचला. कोणालाही दोष द्यायला सांगत नाहीये, त्या क्षणी कोणाचेही पाय पळतील. पण म्हणून सांगते, तो गेला म्हणजे संपलं असं समजून तिथेच टेकायचं नाही, एकमेकांना सोडायचं नाही, सगळ्यांनी एकत्र तिथून निघायचं.

आणि कधीतरी तो नुसता हाकलत असतो. २०२० मध्ये युटातल्या एका धावणाऱ्याचा व्हिडिओ फिरला होता, तू बघितला असशील, सहा मिनिटं मादी त्याच्या अंगावर येतेय, पंजे आपटतेय, आणि तो तिच्याकडे तोंड करून मागे सरकतोय आणि बोलतोय. त्याला आधी वाटेत पिल्लं दिसली होती. तिला त्याला खायचं नव्हतं, पिल्लांपासून लांब न्यायचं होतं, पुरेसं अंतर झाल्यावर त्याने दगड मारला आणि ती वळून गेली. तेव्हा ठिपकेवाली गोड पिल्लं दिसली तर मोबाइल काढायचा नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. तसंच पालापाचोळ्याने झाकलेलं अर्धं खाल्लेलं हरीण दिसलं, तर तो त्याचा डबा आहे, तो पुढचे काही दिवस तिथे परत येतो, लगेच निघायचं.

घराचं. घरमालकाला सांगून अंगणाच्या कडेची दाट झुडपं छाटून घे, मागच्या दाराला सेन्सरचा दिवा लाव. हरणं इथे गायींसारखी रस्त्यावर फिरतात आणि नवीन आलेल्यांना फार कौतुक वाटतं, मुलगा सफरचंद घालायला जाईल, घालू देऊ नकोस, जिथे हरीण तिथे त्याच्यामागे कूगर. पक्ष्यांचे दाणे खाली सांडले की उंदीर आणि रॅकून येतात, तेही नको. कुत्र्याला रात्री बाहेर ठेवायची आपल्याकडची पद्धत इथे बंद, आणि ट्रेलवर तो पट्ट्यानेच. मोकळा कुत्रा कूगरला डिवचतो आणि मग तुझ्याकडेच पळत येतो. डिसेंबरमध्ये इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, आपल्या लोकांना हे अंगात मुरायला वेळ लागतो, तेव्हा हिवाळ्यात अंगणातलं खेळणं शाळेतून आल्या आल्या उरकायचं आणि मोठं माणूस बाहेर असायलाच हवं, खिडकीतून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष नाही. पण खेळू दे त्याला. माझ्या ओळखीत एका घरात भीतीपोटी मुलांना दोन वर्षं जंगलात नेलंच नाही, एवढ्या सुंदर जागी राहून मुलं टीव्हीपुढे, मला फार वाईट वाटलं.

बेअर स्प्रे इथे आल्यावर घे, पन्नास डॉलरच्या आसपास पडतो, विमानात चालत नाही म्हणून येताना आणू नकोस. कूगरवरही चालतो. कमरेला लाव, बॅगेत ठेवलेला स्प्रे नसल्यासारखाच. वाऱ्याची दिशा बघ, एक्स्पायरी बघ, आणि दुकानात सरावाचा बिनमिरचीचा डबा मिळाला तर दोघांनी अंगणात मारून बघा. तो फक्त जनावरासाठी, माणसावर वापरायला म्हणून जवळ बाळगणं कॅनडात गुन्हा आहे.

दिसला की कळवायचं, कन्झर्वेशन ऑफिसर म्हणजे वन्यप्राण्यांचं बघणारे सरकारी अधिकारी, त्यांचा नंबर १-८७७-९५२-७२७७, दिवसरात्र चालू, आत्ताच फोनमध्ये टाक. काही लोक कळवत नाहीत, त्यांना वाटतं की आपल्या फोनमुळे त्याला गोळी घालतील. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं आणि म्हणून फोन करायला मी तासभर घेतला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं कुठे, किती वाजता, काय करत होता, मागे आला का, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेलच्या तोंडाशी पाटी लागली, बस. नुसता दिसला आणि निघून गेला तर बहुतेक वेळा एवढंच होतं. लवकर कळलं तर लोकांना सावध करता येतं, तो कोंबड्यांच्या खुराड्याला सोकावल्यावर कळलं तर मग त्याचंच मरण ओढवतं. मला तो जगायला हवाय, म्हणून मी फोन करते.

मुलाला येण्याआधीच खेळ म्हणून शिकव. तू "कूगर" म्हणायचं आणि त्याने पळत सुटायच्या ऐवजी जागच्या जागी उभं राहून हात वर करून जमेल तेवढं ओरडायचं, मग तुझ्याकडे न वळता मागे मागे यायचं. माझ्या मुलीला हे नंतर शिकवलं, आधी शिकवायला हवं होतं. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून घे रोज पाच मिनिटं, शेजारी बघतील तर बघू देत. जूनमध्ये दिवस रात्री साडेनऊपर्यंत उजेडाचा असतो, पोचलात की पहिल्या रविवारी वेस्टवूड लेकची फेरी आपण दोन्ही घरं मिळून करू, सहा एक किलोमीटर आहे, पोरं मधे चालतील, पोहे मी आणते.