ब्रेनस्टेममधला (मेंदूच्या देठातला) कॅव्हर्नोमा, म्हणजे नाजूक रक्तवाहिन्यांची गाठ, काढायला सर्जन कानामागून का जातात? गाठ तर मधोमध आहे ना?

तुमच्या भावाची गाठ पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात आहे, दोनदा रक्तस्राव झालाय, म्हणून हा प्रश्न अगदी योग्य आहे.

इथे जवळचा रस्ता हा सुरक्षित रस्ता असेलच असं नाही. सर्जन एमआरआयवर दोन बिंदू धरतात: एक गाठीच्या मध्यावर, दुसरा गाठ पृष्ठभागाच्या सगळ्यात जवळ येते तिथे. ते जोडून रेघ कवटीपर्यंत वाढवली की दिशा कळते. पण ही फक्त सुरुवात. वाटेत चेहऱ्याच्या, डोळ्यांच्या हालचालींची केंद्रं किंवा हातापायांकडे जाणारे तंतू असतील तर रेघ सोडून द्यावी लागते. पॉन्सच्या मागच्या बाजूला, चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) तळाशी, गाठ वर आलेली दिसली तरी तिथून शिरल्यास चेहरा वाकडा होण्याचा, दुहेरी दिसण्याचा धोका असतो. कानामागून गेलं की पॉन्सची बाजू दिसते आणि मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेजवळच्या तुलनेनं सुरक्षित जागेतून आत शिरता येतं. मिडब्रेन (ब्रेनस्टेमचा वरचा भाग), मेड्युला (खालचा भाग) यांसाठी वाटा वेगळ्या.

गाठीशेजारी जन्मतःच वेगळ्या रचनेची शीर असेल, जिला डीव्हीए म्हणतात, तर तिला हात लावत नाहीत. निरोगी भागाचं रक्त तिच्यातूनच परत जातं.

डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: गाठ पृष्ठभागाला टेकली आहे का, आणि ऑपरेशनच्या वेळी नसांचं मॉनिटरिंग असेल का? गाठ खोल असेल तर थांबून लक्ष ठेवणं हाही खरा पर्याय आहे. ऑपरेशननंतर काही काळ, कधी काही आठवडे किंवा महिने, त्रास वाढलेला दिसू शकतो, त्याची तयारी ठेवा.