टर्बो सी, डॉसबॉक्स आणि कंट्रोल-एफ९

प्रश्न : उबंटूवर डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी (सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) चालवते. प्रोग्रॅम रन करायला कंट्रोल-एफ९ दाबलं की डॉसबॉक्सच बंद होतो, लिहिलेला कोडही जातो. शिवाय आउटपुटसाठी ऑल्ट-एफ५ दाबलं तर खिडकीच लहान होते.

उत्तर : दोन्ही दुखण्यांची मुळं वेगळी आहेत. कंट्रोल-एफ९ हा डॉसबॉक्सचा स्वतःचा बंद होण्याचा शॉर्टकट आहे, त्यामुळे ती कळ टर्बो सीपर्यंत पोचतच नाही. कंट्रोल-एफ१ दाबा, मॅपर (कोणत्या कळेने काय व्हावं ते ठरवायची डॉसबॉक्सची खिडकी) उघडेल. त्यात ‘शटडाउन’वर क्लिक करा, मग ‘डेल’, आणि आठवणीने ‘सेव्ह’. नुसतं ‘एक्झिट’ केलंत तर पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न. यानंतर डॉसबॉक्स बंद करायला प्रॉम्प्टवर ‘एक्झिट’ टाइप करा. तोवर रन करण्याआधी एफ२ दाबून फाइल सेव्ह करत जा.

ऑल्ट-एफ५ मात्र ग्नोम (उबंटूचा डेस्कटॉप) मधल्यामध्ये पकडतं. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स उघडून ‘रिस्टोअर विंडो’ निवडा आणि बॅकस्पेस दाबून तो शॉर्टकट काढून टाका. मॅपरमध्ये कितीही खटपट केली तरी हे सुटणार नाही, कारण ती कळ डॉसबॉक्सच्या हाती येण्याआधीच अडवली जाते.