दहा दिवस अंधारात तग धरलेलं कल्चर उजेडात का मेलं?

कीटोसेरॉस या डायटमचं (सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शैवाल) कल्चर दहा दिवस फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलं, उघडल्यावर क्लोरोफिल जवळपास तेवढंच निघालं, मग ताज्या एफ/२ माध्यमात (समुद्री शैवाल वाढवायचं पोषक द्रावण) दहापट विरळ करून नेहमीच्या रॅकवर ठेवलं आणि दोन दिवसांत फिकट पडलं. तुमचं हे वर्णन वाचून राहवलं नाही, कारण मला सगळ्यांत महागात पडलेली चूक हीच. माझा अंदाज असा की अंधारात ते जिवंत होतं, मेलं ते उजेडात. (जात कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे खालचे आकडे सुरुवातीपुरते समजा.)

अंधारात डायटम क्लोरोफिल सहसा लगेच टाकून देत नाहीत. प्रकाश पकडणारी यंत्रणा शाबूत राहते, पण ती ऊर्जा खपवणारी, कार्बन स्थिर करणारी एन्झाइम्स थंडावलेली असतात. श्वसन मात्र चालूच, त्यामुळे साठवलेलं क्रायसोलॅमिनारिन (डायटमची साठवणीची शर्करा) संपत जातं. अशा पेशीवर एकदम १०० मायक्रोमोल (प्रति चौरस मीटर प्रति सेकंद) प्रकाश पडला की इलेक्ट्रॉनना जायला वाट उरत नाही, ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार होतात आणि फोटोसिस्टिम २ (प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेचा एक भाग) मधलं डी१ प्रथिन तुटायला लागतं. ते एरवीही तुटतच असतं म्हणा, पण दुरुस्तीला ऊर्जा लागते आणि गंगाजळी तर आटलेली.

त्यात तुम्ही विरळ केलंत. दाट कल्चरमध्ये पेशी एकमेकींवर सावली धरतात. दहापट विरळ केल्यावर एकेका पेशीच्या वाट्याला येणारा प्रकाश वाढतो, आणि रॅकवरचा मीटर मात्र जुनाच आकडा दाखवतो. इथेच सगळे फसतात.

पुढच्या वेळी पहिले २४ ते ४८ तास फक्त १० ते २० मायक्रोमोल द्या. दिवा बदलायची गरज नाही, फ्लास्कभोवती पांढऱ्या जाळीचे दोन-तीन थर गुंडाळा आणि मीटर जाळीच्या आत धरून मोजा. मग दोन दिवस ४०-५०, त्यानंतर नेहमीचा. विरळ करायचंच असेल तर पाचपटीच्या आत ठेवा. तीन-चार दिवस वाढ दिसली नाही म्हणून ओतून टाकू नका, लॅग (वाढ सुरू होण्याआधीचा थांबा) लांबतो.

पार्सलमध्ये तीन-चार दिवस अंधारात आलेल्या कल्चरच्या ट्यूबलाही हेच लागू. सोबतच्या चिठ्ठीवर ‘उजेडात ठेवा’ एवढंच छापतात! किती उजेड, ते कोणी लिहायचं?

जिवंत किती, ते क्लोरोफिलवरून ठरवू नका. लुगॉल (आयोडीनचं द्रावण) घालून हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची काचपट्टी) केलेली मोजणीही इथे निरुपयोगी, लुगॉलने मेलेल्या-जिवंत सगळ्याच पेशी तपकिरी होतात. लुगॉल न घातलेल्या नमुन्यात एव्हान्स ब्लू हा रंग घाला, पटल फुटलेल्या (म्हणजे मेलेल्या) पेशी निळ्या दिसतील. फ्लुरोमीटर असेल तर १५-२० मिनिटं अंधारात ठेवून एफव्ही/एफएम (फोटोसिस्टिम २ किती धड आहे ते सांगणारं गुणोत्तर) घ्या. धडधाकट डायटममध्ये तो ०.६ ते ०.७ च्या आसपास असतो.

अंधारात नमुना काढताना हिरवा दिवा ‘सुरक्षित’ म्हणून लावतात, त्यावर माझा राग आहे. डायटममधलं फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य हिरवा प्रकाशही शोषतं. मंद दिव्यात काही सेकंदांत काम उरका, रंगाच्या भरवशावर राहू नका.

अंधारात टाकताना फ्लास्क दिवसाच्या उजेडाच्या शेवटी गुंडाळा, तेव्हा साठा भरलेला असतो. तापमान १० अंशांनी उतरवलं तर श्वसन साधारण निम्म्यावर येतं, पण टप्प्याटप्प्याने उतरवा. उष्ण पाण्यातलं आयसोक्रायसिस (हेही एक सूक्ष्म शैवाल) ४ अंशांवर ठेवून मारणारे कमी नाहीत. झाकण घट्ट लावू नका: अंधारात ऑक्सिजन कोणी बनवत नाही आणि बॅक्टेरिया तो खातच असतात. फॉइल दुहेरी, बुडाखालीसुद्धा.

डेन्मार्कच्या मारिएगर फियॉर्डच्या गाळातून सुमारे १०० वर्षं जुनं स्केलेटोनेमा मारिनोई हे डायटम पुन्हा वाढवलं गेलंय, हे उदाहरण कोणी तुमच्या तोंडावर फेकेलच. ते सुप्त अवस्थेतलं होतं, थंड गाळात पुरलेलं. ऐन वाढीत असलेल्या तुमच्या फ्लास्कशी त्याची तुलना नको.

आत्ताचं फिकट कल्चर टाकून देऊ नका. एव्हान्स ब्लू लावून दहातली एक पेशी जरी बिनरंगी दिसली, तर जाळी गुंडाळून आठवडाभर ठेवा.