उत्तर : मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही

आपल्या वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही, त्यामुळे कोविडने मृत्यू झाल्यास कुटुंबाला शासनाकडून मिळणाऱ्या ५० हजारांच्या सानुग्रह साहाय्याचा अर्ज नामंजूर झाला आणि आता दाखला दुरुस्त करून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. कृपया त्या वाटेला जाऊ नका. माझे थोरले बंधू एप्रिल २०२१ मध्ये गेले, तेव्हा मी हीच चूक केली आणि जवळजवळ तीन महिने एका नोंदणी कार्यालयाच्या खिडकीशी घालवले.

मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापलेच जात नाही; १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार उताऱ्यात ते उघड करता येत नव्हते. जो रकानाच नाही तो दुरुस्त कसा होणार? पण "साहेब रजेवर आहेत", "प्रतिज्ञापत्र आणा", "हे नाही, दुसऱ्या नमुन्यात आणा" असे सांगत माझ्याकडून चार वेळा कागद मागवणाऱ्या त्या लिपिकाने हे एक वाक्य कधी उच्चारले नाही. मृत्यूचे कारण असते ते डॉक्टरांनी भरलेल्या नमुना ४ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, आणि आमच्याकडे तिथे केवळ 'हृदयक्रिया बंद पडून' एवढेच लिहिले होते.

वस्तुतः ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की दाखल्यावर कोविड लिहिलेले नाही, एवढ्याच कारणावरून साहाय्य नाकारता येणार नाही. चाचणीच्या किंवा निदानाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल, तर तो घरी झाला असला तरी ग्राह्य धरला जातो. म्हणून चाचणीचा अहवाल (तो हरवला असल्यास मोबाइलवरील संदेशातला एसआरएफ क्रमांक, म्हणजे चाचणीचा नोंदणी क्रमांक), दवाखान्यातले केसपेपर आणि सीटी स्कॅनचा अहवाल जोडून जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे अपील करावे. मी वकील नाही आणि प्रत्येक जिल्ह्याची रीत थोडी वेगळी असते. परंतु आमचे काम शेवटी याच कागदांवर झाले. महाराष्ट्रात नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा या साहाय्याचे अर्ज कितीतरी जास्त आले, त्यामुळे समितीकडे गर्दी असते, हे मात्र गृहीत धरावे.

नव्या अर्जांसाठी २४ मार्च २०२२ पासून ६० दिवसांचीच मुदत होती, तेव्हा नव्याने अर्ज भरत बसण्यापेक्षा जुन्या अर्ज क्रमांकावरच अपील करणे मला शहाणपणाचे वाटते. ठरावीक टक्केवारी मागणाऱ्या दलालांना दारातही उभे करू नये. आणखी एक गोष्ट, बँकांच्या विलीनीकरणात अनेक शाखांचे आयएफएससी कोड बदलले आहेत, तो नव्या पासबुकावरूनच लिहावा. वहिनींचे मंजूर झालेले पैसे त्यापायीच एकदा परत गेले होते.