रोजची कामं उद्यावर ढकलायची सवय कशी मोडायची?

लाइट बिल, कपड्यांच्या घड्या, राहिलेले फोन, माझंही हे सगळं उद्यावर जायचं. मला फरक पडला तो पोमोडोरोने, 1980 च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर वापरून ही पद्धत काढली, 25 मिनिटं एकच काम मग 5 मिनिटं ब्रेक. पण सुरुवातीला 25 पण जड जातात हो, मी 10 चाच लावायचो, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला आणि खुर्चीवरच्या ढिगातला फक्त एक शर्ट उचलायचा, एकदा हात लागला की बाकीचे कपडे होऊनच जातात. बिल मात्र आलं की लगेच भरून टाका, त्याला टायमर बियमर नको. आज जेवण झाल्यावर एक राउंड करूनच बघा.