सुकाणू: पाण्यातलं पातं की हातातला दांडा?

प्रश्न (नाशिक): गंगापूर धरणाच्या पाण्यात छोटी शिडाची होडी चालवायला शिकतो आहे. 'सुकाणू' म्हणजे पाण्यातलं पातं की हातातला दांडा? आणि ते पातं होडीला अडकवायच्या पिंटल-गजनना मराठीत काय म्हणावं?

उत्तर: पातं. हातात असतो तो दांडा, म्हणजे टिलर. तरी 'सुकाणू हाती घेतलं' असं रोज छापून येतं आणि शेजारी चित्र असतं चाकाचं. भाषणात चालेल ते, होडीत नाही. दांडा डावीकडे ढकलला की पातं उजवीकडे जातं आणि होडी उजवीकडे वळते. दोघांनाही सुकाणू म्हटलं, की 'सुकाणू डावीकडे घे' या सूचनेचे दोन उलटे अर्थ होतात.

आता शब्दाकडे. 'सु + कर्ण' यातून सुकाणू आलं, ही व्युत्पत्ती वारंवार ऐकू येते. संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणू हे खरं आहे, कर्णधार त्यातूनच आला. पण सुकाणूचा त्याच्याशी संबंध नाही, आणि पुरावा आपल्याच तोंडात आहे. कर्णाचा कान झाला, पर्णाचं पान, चूर्णाचा चुना, सुवर्णाचं सोनं. 'र्ण' झिजला की मराठीत 'न' उरतो. सुकर्ण झिजता तर 'सुकान' झाला असता, ण आला कुठून? तो येतो फारसी-अरबी शब्दांतल्या एकट्या 'न'मधून: निशानचं निशाण, दीवानचा दिवाण, तसंच सुक्कानचं सुकाणू. दुकान, मैदान बदलले नाहीत हे मान्य, पण त्यामुळे सुकर्णाची बाजू जराही बळकट होत नाही.

सुक्कान हा अरबी शब्द. जुने अरबी कोशकार त्याचा संबंध 'सुकून'शी, म्हणजे स्थिरतेशी जोडतात: ज्याच्यामुळे हेलकावणारी नाव स्थिरावते ते सुक्कान. तो मुळात आरामाईक या जुन्या भाषेतला, असंही काही अभ्यासक म्हणतात. असेल. मला अरबी कोशकारांचं म्हणणं पटतं, कारण याच धातूचा 'साकीन' आपल्या मोडी कागदांत पानोपानी भेटतो: 'साकीन मौजे अमुक', म्हणजे तिथे वस्ती करून स्थिरावलेला, राहणार. गावात स्थिरावलेला साकीन आणि नावेला स्थिर ठेवणारं सुकाणू, ही भावंडं आहेत! सुकाणू धरणारा तो सुक्कानी. इंग्रजांनी त्याचा 'सीकनी' केला, अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात तो आहे. त्यातला 'सी' समुद्र नव्हे, 'सुक्'च आहे.

टिलरचं मूळही सांगायलाच हवं. जुन्या फ्रेंचमध्ये तो मागाचा आडवा दांडा होता, पुढे क्रॉसबोचा, म्हणजे आडव्या धनुष्याचा दांडा झाला, मग होडीचा. येवल्याच्या विणकराला हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

राहिले पिंटल-गजन. मळ्याच्या फाटकाची उचलून काढता येणारी बिजागरी आठवा: खुंटी आणि कडी. हेच शब्द घ्या, पिंटल ती खुंटी आणि गजन ती कडी. खालची खुंटी वरच्या खुंटीपेक्षा थोडी लांब असावी, म्हणजे हलत्या पाण्यात आधी ती कडीत बसवता येते, मग वरची. दोन्ही एकदम नेम धरून बसवणं फार अवघड. दोन्ही कड्या एका रेषेत हव्यात. त्यांतून एक सरळ सळई घालून पाहा, अडली तर सुकाणूही अडणार. ९.५ मिमीच्या कडीत ८ मिमीची खुंटी घातली तर पातं खडखडतं आणि भोक झिजत जातं. कड्या मागच्या फळीला नुसत्या स्क्रूने लावू नका, लाकूड किंवा फायबर भिजून स्क्रू सुटतात. आरपार बोल्ट, आतून पट्टी, भोकात सीलंट.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, की काठाजवळ वर उचललं जाणारं पातं सोयीचं. पण खोल पाण्यात गेल्यावर त्याची दोरी ओढून ते पूर्ण खाली घ्या. अर्धवट मागे झुकलेल्या पात्यावर पाण्याचा दाब खुंटीपासून लांब पडतो, म्हणून दांडा जड होतो. नवशिक्यांना तो वाऱ्याचा जोर वाटतो आणि ते शीड ढिलं करत बसतात.

आणि वरच्या कडीपाशी स्प्रिंगची पट्टी असते, ती खुंटीला वर सरकू देत नाही. पाण्यात जाण्याआधी सुकाणू दोन्ही हातांनी वर ओढून पाहा. निघून आलं, तर होडी उलटल्यावर ते कड्यांतून सुटणार.